तोफखान्याच्या गाडीतनं

"नाना, अजून एक नाव लिहा! मालन आत्ती!"

तालमीच्या तिसऱ्या पायरीवरून मी ओरडले आणि आत फळ्यावर चाललेला खडू थांबला. तिसऱ्या पायरीवरूनच, कारण चौथ्या पायरीच्या पुढं उंबरा, आणि नागझरी तालमीचा उंबरा बाईमाणसानं ओलांडायचा नाही. आत मारुती आहे, आखाड्याची तांबडी माती आहे. पैलवान आता औषधाला दोन उरलेत, पण फुटबॉलवाली पोरं पन्नास. कोल्हापुरात प्रत्येक पेठेला तालीम आणि प्रत्येक तालमीला टीम. टीम परगावी खेळायला निघाली की गाडीत कोण बसणार त्यांची नावं आतल्या फळ्यावर चढतात. फळ्यावर नाव नाही त्याला गाडीत जागा नाही.

"कोण वराडतंय ते?" आतून सर्जेरावनाना म्हणाले. नाना म्हणजे तालमीचे वस्ताद, टीमचे मॅनेजर आणि माझ्या वडिलांचे सख्खे चुलते.

"मी, कस्तुरी."

"कोण कस्तुरी?"

पोरं हसली. नानांनी माझ्या बारशाला मला झोळीत घातलं होतं. पण तेव्हा मी नववीत होते आणि वर्गात हजेरीलासुद्धा 'हजर' असं तोंडातल्या तोंडात म्हणणारी. ही पोरगी पायरीवरून ओरडते हेच नानांना खरं वाटत नसावं. मलाही वाटत नव्हतं.

"मालनचं काय काम गडहिंग्लजला?"

"मॅच बघायचीय."

"चाळीस माणसं चाललीयात बघायला. येऊन सांगतील तिला."

"इंदरदादाची शेवटची मॅच हाय, नाना. सोमवारी चाललाय तो पुण्याला, नोकरीवर. त्याच्या आईनं बघायची न्हाई?"

"तेवढ्यासाठीच न्हाई बघायची. मागल्या बारीला आलती. काय झालं, इसरलीस?"

कोण विसरणार! चार वर्षांपूर्वी गावातल्याच मैदानावर मोठी मॅच होती. इंदरदादा आमचा गोली. आत्ती पहिल्यांदाच बघायला गेली, आणि एक साधा, सरपटत आलेला चेंडू दादाच्या दोन पायांमधून आत गेला. आम्ही हरलो. गल्लीत येईपर्यंत निकाल लागला होता. आई आली म्हणून गोल बसला. त्या दिवसापासून आत्ती मॅचला गेली नाही.

मी दादाकडं बघितलं. तो आत बाकावर बसून बुटाची नाडी ओढत होता. एक नाडी माणूस किती वेळ ओढेल? बाहेर आल्यावर माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "जाऊ दे की कस्तु. आईला सवय हाय."

मला त्या 'सवय'चा असा राग आला म्हणून सांगू!

आत्तीचं घर तालमीपासून चौथं. मी गेले तेव्हा ती टीमच्या जर्स्यांवरून ओला हात फिरवून त्या दोरीवर घालत होती. डाळिंबी रंग, छातीवर पांढरा पट्टा. अकरा वर्षं टीमच्या जर्स्या तीच धुते, शिवते, नंबर सुटला तर पुन्हा लावते. मॅचच्या सकाळी त्यांचं बोचकं बांधून तालमीच्या तिसऱ्या पायरीवर नेऊन ठेवते. गाडीपुढं नारळ फुटायच्या आधी.

"कशाला गेलतीस गं पायरीवर?" ती म्हणाली. बातमी माझ्या आधी पोचली होती.

"आत्ती, आपण आपली गाडी करायची."

"आपली म्हंजे?"

"तू, आई, लताकाकू, मी." लताकाकू म्हणजे हाफला खेळणाऱ्या सुजयची आई. तिनं पण लेकाला फक्त अंगणात लाथा झाडताना बघितलं होतं.

आत्ती हसली. "मी हितंच बरी. गच्चीवर कळतंय मला सगळं."

हे खरं होतं. मॅच गावात असली की आत्ती गच्चीच्या कठड्याला टेकून उभी राहते. मैदान तिथून दिसत नाही, पण आवाज येतो. "आपला गोल झाला की आवाज वर जातोय," ती सांगायची, "आन् आपल्यावर बसला की आवाज बसतोय."

"गडहिंग्लजचा आवाज येतोय व्हय गच्चीवर?" मी म्हणाले.

तिनं जर्सीला चिमटा लावला. दुसरा लावला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी गेले आन् बसला गोल, तर? शेवटची मॅच हाय त्याची."

याचीच वाट बघत होते. मी दप्तरातली वही काढली. गणितात पस्तीस पडतात मला, पण ही बेरीज मी तीनदा तपासली होती.

"चार वर्षांत तू एक पण मॅच बघितली न्हाईस. तरी दादानं एकतीस गोल खाल्ले. एकतीस, आत्ती! तेव्हा तू कुठं हुतीस?"

"गच्चीवर," आत्ती म्हणाली.

"मग ते कुणी बसवले?"

तिनं ओले हात पदराला पुसले आणि विचारलं, "चिवडा किती लागंल गं चार माणसांना?"

गाडी मिळवणं मला वाटलं होतं त्याच्या शंभरपट अवघड निघालं. आमच्या पेठेत वडापच्या, म्हणजे भाड्यानं माणसं नेणाऱ्या, जीपा तीन. पहिला म्हणाला, नानांना विचारून सांगतो. दुसऱ्याची गाडी माझ्या डोळ्यांसमोर उभ्या उभ्या बिघडली. तिसरा चांगला माणूस, त्यानं खरं सांगितलं. "पोरी, मला ह्याच पेठंत राहायचंय."

शनिवारची दुपार झाली. मॅच रविवारी. मी सायकल काढली आणि तोफखान्यात गेले.

आता तोफखाना म्हणजे काय ते सांगायला हवं. आमची आणि तोफखाना तालमीची मॅच असली की पोलिसांची रजा रद्द होते. त्यांचा रंग पिवळा. आमच्या पेठेत हळदीच्या कार्यक्रमालासुद्धा लोक पिवळा कुर्ता घालताना एकदा विचार करतात. हायवेला जायचा सरळ रस्ता तोफखाना चौकातून जातो, म्हणून आमची गाडी मॅचला निघाली की त्या चौकाला वळसा घालून नदीकडून जाते. नानांच्या वडिलांपासूनची रीत. पण माझ्या बाकावर शाळेत उज्मा बसते, ती तोफखान्यातली, आणि तिच्या दस्तगीरमामांची वडापची जीप आहे.

मामा गाडी धूत होते. पिवळीधमक गाडी, वर पिवळा झेंडा, पुढच्या काचेवर हातभर अक्षरात 'तोफखाना'.

"मामा, ही कस्तुरी," उज्मा म्हणाली. "नागझरीची."

मामांनी पाण्याची नळी खाली ठेवली. "बोला."

मी सांगितलं. मामा ऐकत होते आणि त्यांच्या मिशीचं एक टोक हळूहळू वर जात होतं.

"म्हंजे नागझरीच्या बायका तोफखान्याच्या गाडीतनं नागझरीची मॅच बघायला जाणार?"

"व्हय."

"सर्जेरावांना म्हाईत हाय?"

"न्हाई."

आता दोन्ही टोकं वर गेली. "मग येतो की! न यायला काय झालं! पण एक सांगतो बघ. काचेवरचं नाव झाकायचं न्हाई आन् वरचा झेंडा काढायचा न्हाई."

"न्हाई काढत. पण आम्ही गाडीत नागझरीच्या नावानं वराडणार. तुम्ही कानांत बोळे घालायचे न्हाईत."

"आयला," मामा उज्माला म्हणाले, "ही तुझ्याच बाकावर बसती?"

"बसते," उज्मा म्हणाली, "पण वर्गात तोंड उघडत न्हाई."

आईला गाडीचा रंग सांगितला तेव्हा ती पिठाचा हात तसाच कपाळाला लावून बसली. "तुझ्या वडलांना काय सांगू?"

"बाबा सकाळी तालमीच्या गाडीतनं जाणार. त्यांना तिथंच दिसू की आपण."

आई आधी हसली आणि मग घाबरली. लताकाकूचं उलटं झालं. आत्ती एवढंच म्हणाली, "पिवळी तर पिवळी. चार चाकं हायत न्हवं?"

रविवारी साडेसहाला तालमीसमोर नारळ फुटला. नारळ फुटला की गाडी माघारी फिरत नाही, ही दुसरी रीत. एकदा आमचा लेफ्ट बॅक पानटपरीवरच राहिला होता, तरी गाडी फिरली नाही. तो मागून दुधाच्या टेम्पोत बसून आला. हॉर्न वाजवत, झेंडे हलवत गाडी आत्तीच्या दारावरून गेली आणि नदीच्या बाजूला वळली. पेठेत एकदम सामसूम झाली. गडी म्हणून एक उरला नाही.

साडेसातला मी आत्तीच्या घरी गेले. ती नवी साडी नेसून उंबऱ्याच्या आत पाटावर बसली होती. शेजारी चिवड्याचा डबा. आणि त्याच्या शेजारी जर्स्यांचं बोचकं.

"आत्ती!" मी किंचाळले. "बोचकं राहिलं!"

"राहिलं की गं," आत्ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मी स्पीकर लावला. इंदरदादा कागलवरून बोलत होता.

"आई, जर्स्या कुठं हायत? पायरीवरनं कुणी उचलल्याच न्हाईत म्हणं!"

मागून नानांचा आवाज. "नारळ फुटलाय! गाडी माघारी फिरायची न्हाई, सांगून ठेवतो! कुणालातरी मोटारसायकलवर धाड म्हणावं!"

"कुणाला धाडू?" आत्ती फोनकडं तोंड करून म्हणाली. "सगळे गडी तुमच्याच गाडीत हायत." मग माझ्याकडं बघून, "येतो आम्ही घेऊन."

"आम्ही म्हंजे कोण?" नाना ओरडले.

आत्तीनं मला खूण केली. मी फोन बंद केला.

दस्तगीरमामांनी गाडी सरळ तोफखाना चौकातून घातली. चौकात चहा पिणारी माणसं उठून उभी राहिली, कारण पिवळ्या झेंड्याच्या गाडीत मागच्या सीटवर आम्ही चौघी डाळिंबी जर्स्यांचं बोचकं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि खिडकीतून डोकं काढून मी ओरडत होते, "नागझरीऽऽ!"

"मामा, हे काय ओ?" कुणीतरी विचारलं.

"भाडं हाय!" मामांनी हॉर्न दाबला.

पुढं बसलेली उज्मा हसून हसून खाली घसरली. निपाणीपर्यंत लताकाकू पण ओरडायला लागली होती. संकेश्वरला आईनं मामांना चिवडा दिला आणि विचारलं, "तुमच्या टीमच्या जर्स्या कोण धुतंय ओ?"

मामा विचारात पडले. "खरंच की. कोण धुतंय?" मग म्हणाले, "आमची बायकोच असंल."

गडहिंग्लजच्या मैदानाबाहेर आमची टीम बनियनवर बसली होती. पंच दोनदा घड्याळ दाखवून गेले होते. पिवळी गाडी बघून पोरं ताडकन उठली. कुणीतरी म्हणालं, "तोफखाना हितं कशाला आलंय?" आणि मागचं दार उघडून आत्ती खाली उतरली.

नानांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी काचेवरचं नाव वाचलं. झेंडा बघितला. मग बोचकं बघितलं.

"ह्या गाडीतनं आलेल्या जर्स्या," नाना म्हणाले, "आमची पोरं अंगाला लावणार न्हाईत."

"बरं," आत्ती म्हणाली आणि बोचकं परत गाडीत ठेवायला वळली.

माझे बाबा आकाशात काहीतरी शोधत होते. मग इंदरदादा पुढं आला, आईच्या हातातून बोचकं घेतलं आणि नानांना म्हणाला, "मग काय, उघडं खेळायचं?" गाठ सोडून त्यानं आपली एक नंबरची जर्सी काढली आणि डोक्यातून घालता घालता आतूनच विचारलं, "आलीस?"

"आले."

डोकं बाहेर आलं. "तिकडं बस. माझ्या गोलच्या मागं."

आम्ही तिथं बसलो. आत्ती मांडी घालून, चिवड्याचा डबा मांडीत. समोर जाळी, जाळीपुढं तिच्या लेकाची पाठ. पहिल्या हाफमध्ये दादानं दोन चेंडू अडवले, त्यातला एक असा की मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा आत्ती एकटक बघत होती. "असा आडवा पडतोय व्हय हा," ती म्हणाली. "तरीच जर्सीच्या डाव्या कोपराला सारखं भोक."

दुसऱ्या हाफमध्ये बाजू बदलल्या तसे आम्ही डबा उचलून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. लोक बघत होते. बघू देत.

शेवटची पाच मिनिटं. शून्य-शून्य. गडहिंग्लजच्या एका उंच पोरानं लांबून फटका मारला. दादा उडाला. चेंडू गोलच्या वरच्या कोपऱ्यात गेला, जाळी आमच्या तोंडासमोर फुगली आणि सगळं मैदान उसळलं.

मी आत्तीकडं बघायला धजत नव्हते. वही, एकतीस, सगळं माझंच होतं. आता बत्तीस, आणि हा तिच्या समोर.

"हात लागलता," आत्ती म्हणाली.

"काय?"

"बोटं लागलती त्याची चेंडूला. बघितलंस का? हात आणखी वीतभर लांब असता तर गेलाच हुता भाईर." तिचे डोळे भरले होते, पण नजर हलत नव्हती. "गच्चीवरनं एवढं कळत न्हाई गं."

शिट्टी झाली. हरलो. नाना आमच्याकडं चालत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "झालं समाधान, मालन? पोराची शेवटची मॅच घालवलीस."

आत्ती उठली, साडी झटकली. "नाना, जिंकल्यावर त्याला खांद्यावर घ्यायला सगळी पेठ हुती. हरल्यावर चार वर्षं तो एकटाच घरी आलाय, मागच्या दारानं. आज घरचं माणूस हितं हाय. त्याच्यासाठीच आले मी."

मग ती मैदानात गेली. दादा खांबाला टेकून बसला होता. ती त्याला धरून रडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "काढ ती जर्सी. चिखल वाळला तर निघत न्हाई."

दादा हसला. खरंच हसला, डोळे पुसत. जर्सी काढून दिली. बाकीच्या पोरांनीही सवयीनं आपापल्या काढून तिच्यासमोर टाकल्या. आत्तीनं त्यांचं बोचकं बांधलं, गाठ घट्ट केली, दादाची एक जर्सी तेवढी आपल्या काखेत घेतली आणि बोचकं नानांच्या हातात दिलं.

"ही एक माझ्या लेकाची, ती मी धुते. ह्या तुमच्या टीमच्या."

नाना बोचकं धरून उभेच राहिले. दस्तगीरमामांनी लांबून बघितलं आणि टोपी काढली.

परत येताना दुपार कलायच्या आत कागल ओलांडलं. आई आणि काकू झोपल्या होत्या. मी हळूच म्हणाले, "बरं झालं बोचकं राहिलं. न्हाईतर नानांनी आपल्याला दारातनंच माघारी लावलं असतं."

"राहिलं न्हवतं," आत्ती म्हणाली.

मी वळून बघितलं.

"पहाटे पाचला बांधून दारात बसले हुते. अकरा वर्षं मी पायरीवर नेऊन ठेवलं. आज म्हटलं, न्यायला कोण येतंय का बघू. चार घरं तर हायत. गाडी दारावरनं गेली, झेंडे हलवत. चाळीस माणसं, कस्तु. एकाला आठवण झाली न्हाई."

"आन् तू हाक मारली न्हाईस?"

"फळ्यावर नाव न्हवतं न्हवं माझं," आत्ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

जानेवारीत मिरजेला मॅच होती. तोवर दादा पुण्याला गेला होता. आदल्या संध्याकाळी मी आत्तीकडं शेंगा सोलत बसले होते आणि उंबऱ्याबाहेर नाना येऊन उभे राहिले. हातात बोचकं. वरचीच जर्सी दिसत होती. गरम पाण्यात सगळ्या एकत्र भिजवल्या असणार, कारण छातीवरचा पांढरा पट्टा गुलाबी झाला होता. बर्फाच्या गोळ्यासारखा गुलाबी. मी तोंडात शेंगा कोंबल्या, नाहीतर हसू फुटलं असतं.

"मालन," नाना पायपुसण्याकडं बघत म्हणाले, "ह्याचं काय हुतंय का बघ."

"ठेवा तिथं. जमंल तेवढं करते. न्यायला मात्र सकाळी तुम्ही यायचं."

"यीन." ते हलले नाहीत. "फळ्यावर दोन नावं लिवलीयात. तुझं आन् ह्या पोरीचं. पण इंदर तर न्हाई आता. कुणाला बघायला येणार तू?"

"मॅच," आत्ती म्हणाली.

नानांनी मान हलवली. "बरं. साडेसहाला सुटतीय गाडी. नारळ फुटायच्या आत या."

आत्तीनं माझ्याकडं बघितलं. मी तोंडातल्या शेंगा गिळल्या आणि उभी राहिले.

"नको नाना, ती नावं पुसा. आमची गाडी सहाला सुटतीय. तोफखाना चौकातनं."